वाचणाऱ्याची नोंद आणि बालसाहित्याची समीक्षा

१

मराठी वाङ्मयीन नियतकालिकांच्या अखेरच्या पानांवर 'साभार पोच' नावाचे एक सदर असे, काही ठिकाणी ते आजही असते. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत एवढाच त्याचा ऐवज. पुस्तक पोहोचले, ही त्यातली बातमी. ते वाचले गेले की नाही, याविषयी ते सदर मौन पाळते. मराठी बालसाहित्यातील बहुसंख्य पुस्तकांचा समीक्षाव्यवहाराशी आलेला संबंध या सदरापुरताच राहिला आहे. १८८१ साली विनायक कोंडदेव ओक यांनी 'बालबोध' सुरू केले, १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांचे 'आनंद' निघाले, १९७१ साली राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' आले. म्हणजे मुलांसाठी नियमितपणे लिहिले जाण्याची परंपरा मराठीत शतकाहून जुनी आहे. परंतु त्या लेखनाविषयी नियमितपणे लिहिले जाण्याची परंपरा मात्र तयार झाली नाही. जे लिहिले गेले ते बालदिनाच्या निमित्ताने, एखाद्या संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात, किंवा पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधाच्या प्रकरणांत.

या उणिवेचे कारण सामान्यतः समीक्षकांच्या अनास्थेत शोधले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. अनास्थेइतकाच प्रश्न समीक्षेच्या उपलब्ध रूपांचाही आहे. परीक्षण, समीक्षालेख, प्रबंध आणि वाङ्मयेतिहासातील प्रकरण ही जी रूपे मराठी समीक्षेने प्रतिष्ठित मानली, ती सर्व पुस्तकाला एखाद्या कोटीत बसवून त्याच्याविषयी निर्णय देणारी आहेत. याउलट वाचन चालू असताना, तारखेसह, थोडक्यात आणि स्वतःच्या नावावर केलेली नोंद हे रूप आपल्याकडे समीक्षेच्या उंबरठ्याबाहेरच ठेवले गेले. ते हौशी वाचकाचे, फार तर स्तंभलेखकाचे क्षेत्र मानले गेले. या उपेक्षित रूपाचा विचार केल्याशिवाय बालसाहित्याच्या समीक्षेची कोंडी नीट उलगडत नाही, असे म्हणण्यास आधार आहे. तो आधार देणारा ग्रंथ मराठीत उपलब्ध आहे आणि तो लिहिणाऱ्याच्या आयुष्याचा उत्तरकाळ रायगड जिल्ह्यातील पेण येथे गेला आहे.

२

सतीश काळसेकर (१९४३-२०२१) हे 'इंद्रियोपनिषद्', 'साक्षात' आणि 'विलंबित' या संग्रहांचे कवी; साठनंतरच्या लघुनियतकालिकांच्या चळवळीत वावरलेले आणि पुढे लोकवाङ्मय गृहाच्या कामाशी दीर्घकाळ जोडलेले. 'आपले वाङ्मय वृत्त' या मासिकात त्यांनी चालवलेल्या सदराचे पुस्तक 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या नावाने २०१० साली प्रसिद्ध झाले आणि २०१३ साली त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. पुस्तके, नियतकालिके, अनुवाद, कवी, प्रकाशक, पुस्तकांची दुकाने, मित्रांकडून आलेली आणि मित्रांकडे गेलेली पुस्तके असा या लेखनाचा विस्तार आहे. त्यात ग्रंथपरीक्षणाची शिस्त शोधू गेल्यास निराशा पदरी येते. आणि निव्वळ ललित गप्पा म्हणून ते वाचावे, तर त्यातील वाङ्मयीन भूमिकेची ठामपणा आड येते. या दोहोंच्या मधल्या जागेला नाव नाही, म्हणून त्याची चर्चाही फारशी झाली नाही.

शीर्षकातील दोन्ही शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. 'वाचक' हा शब्द मराठी समीक्षेत रुळलेला असताना येथे 'वाचणारा' हा शब्द योजला आहे. 'वाचक' ही एक भूमिका आहे. तिचा वर्ग होतो, तिची अभिरुची ठरवता येते, तिची खानेसुमारीही करता येते. 'वाचणारा' हा मात्र क्रियेशी बांधलेला आहे. वाचण्याची क्रिया चालू आहे तोवर तो वाचणारा, ती थांबली की तो दुसरा कोणी. सॅम्युअल जॉन्सनकडून घेतलेल्या संकल्पनेवर व्हर्जिनिया वुल्फने १९२५ साली 'द कॉमन रीडर' या पुस्तकात जो सर्वसामान्य वाचक उभा केला, तोही पंडितापासून आणि समीक्षकापासून वेगळा काढलेला आहे. परंतु तो शेवटी एक प्रातिनिधिक वाचक आहे. 'वाचणारा' प्रातिनिधिक असण्याचा दावा करत नाही. तो एकटा आहे आणि एका विशिष्ट दिवशी विशिष्ट पुस्तकापाशी आहे.

'रोजनिशी' हा शब्द तर थेट दफ्तरातून आलेला. पेशव्यांच्या रोजनिश्या गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून काढल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. जमाखर्चाच्या जुन्या पद्धतीत दोन वह्या असतात: रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत जे ज्या दिवशी घडले ते त्या क्रमाने लिहायचे. मोठी रक्कम आणि किरकोळ रक्कम तिथे एकाखाली एक येतात. मग त्या नोंदी खतावणीत आपापल्या खात्यावर चढवायच्या. खतावणीशिवाय हिशेबाचा अर्थ लागत नाही हे खरे. परंतु रोजकीर्द नसताना खतावणी लिहिली, तर तो हिशेब नव्हे, ती बनावट. काळसेकरांनी बँकेत नोकरी केली होती, हा योगायोग बाजूला ठेवला तरी त्यांनी निवडलेला शब्द त्यांच्या लेखनपद्धतीला चपखल लागू पडतो. त्यांच्या लेखनातील क्रम हा वाचण्याचा क्रम आहे. तो वाङ्मयप्रकारांचा नाही आणि श्रेष्ठ-कनिष्ठाचा तर नाहीच.

या ठिकाणी गोविंद तळवलकरांच्या 'वाचता वाचता'शी तुलना उपयुक्त ठरते. एका मोठ्या दैनिकाचे दीर्घकाळ संपादक असलेल्या तळवलकरांनी मुख्यतः इंग्रजीतील ग्रंथांचा परिचय मराठी वाचकाला करून दिला. त्या लेखनाची दिशा ज्ञात्याकडून जिज्ञासूकडे जाणारी आहे. ग्रंथाचा आशय नेमकेपणाने पोहोचवणे हे तिथे कर्तव्य आहे. तळवलकरांनी वाचलेले पुस्तक वाचकाने न वाचताही त्याला त्या लेखाचा पुरेपूर लाभ होतो. काळसेकरांच्या नोंदींचे तसे नाही. त्या पुस्तकाऐवजी उभ्या राहू शकत नाहीत. त्या पुस्तकाकडे बोट दाखवून बाजूला होतात. दोन्ही वाटा आवश्यक आहेत. मात्र पहिली वाट बालसाहित्याकडे वळण्याची शक्यता कमी, कारण बालपुस्तकाचा 'आशय' सांगून टाकला की बहुधा हाती काहीच उरत नाही. सशाची किंवा राक्षसाची गोष्ट चार ओळींत सांगता येते. ती ऐकताना काय झाले, ते मात्र सांगता येत नाही.

३

लेखकाचे राहण्याचे ठिकाण आणि त्याची समीक्षादृष्टी यांचा यांत्रिक संबंध जोडणे धोक्याचे असते. मुंबईतला कवी निवृत्तीनंतर पेणला राहिला, म्हणून त्याच्या वाचनाला खाडीचा वारा लागला, अशी वाक्ये लिहिणे सोपे आहे आणि निरर्थकही. तरीही एक भौतिक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. महानगरात पुस्तके वर्गवारीने भेटतात. मुलांचा विभाग वेगळा, समीक्षेचा वेगळा, इंग्रजीचे दुकान वेगळे, रद्दीचे वेगळे. पेण, अलिबाग, रोहा, मुरूड, श्रीवर्धन यांसारख्या तालुक्याच्या गावी ही वर्गवारी विरळ होते. तिथे वाचनालयाच्या एकाच टेबलावरून कादंबरी आणि मुलांचे पुस्तक एकाच कार्डावर घरी जाते, आणि घरात ते ज्याच्या हाती पडेल तो वाचतो. पुस्तक कुणासाठी आहे, हे तिथे मुखपृष्ठापेक्षा घर ठरवते.

रायगडच्या या पट्ट्याशी निगडित दोन संहिता या संदर्भात विचारात घेण्याजोग्या आहेत. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'गीताई'मागे आईची इच्छा होती, हे सर्वज्ञात आहे. संस्कृत न जाणणाऱ्या स्त्रीला कळावी अशी गीता मराठीत असावी, ही ती इच्छा. म्हणजे तिचा उद्दिष्ट वाचक प्रौढ. परंतु महाराष्ट्रातील अनेक घरांत आणि शाळांत 'गीताई' प्रथम आली ती मुलांच्या तोंडी, पाठांतर म्हणून, अर्थाच्या कितीतरी आधी. दुसरी संहिता 'श्यामची आई'. साने गुरुजींचे जन्मगाव पालगड रत्नागिरी जिल्ह्यातले असले, तरी त्यांचे राष्ट्रीय स्मारक माणगाव तालुक्यातील वडघर येथे आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची रचना रात्रींची आहे. आश्रमातील सोबत्यांना श्याम आपल्या आठवणी सांगतो आणि प्रत्येक प्रकरण ही एक रात्र. संहितेच्या आतले श्रोते हे केवळ मुले नाहीत. ते मिळवते, राबते, जाणते लोकही आहेत. लहानपण ही इथे आठवलेली गोष्ट आहे. ते आठवणारा आणि ऐकणारे त्या वयाच्या पलीकडे आलेले आहेत. हे पुस्तक 'मुलांचे' झाले ते नंतरच्या प्रौढांच्या निर्णयाने, शाळेच्या बक्षिसातून आणि घरातल्या भेटीतून.

दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट पुढे येते. बालवाङ्मय आणि प्रौढवाङ्मय यांमधील सीमारेषा संहितेत कायमची आखलेली नसते. ती वाचनाच्या इतिहासात सरकत राहते. ती केव्हा, कुठे आणि कोणाच्या हातून सरकली हे कळण्यासाठी वाचनाच्या नोंदी लागतात. संहितेच्या रूपविश्लेषणातून एवढेच कळते की ती सरकू शकते.

४

पाश्चात्त्य समीक्षेत जॅकलिन रोझ यांनी १९८४ साली 'पीटर पॅन'च्या निमित्ताने बालकथेच्या अशक्यतेचा सिद्धान्त मांडला. मुलांसाठीचे साहित्य प्रौढ लिहितो, प्रौढ छापतो, प्रौढ विकत घेतो. त्यातले मूल ही प्रौढाच्या इच्छेने घडवलेली प्रतिमा असते आणि प्रत्यक्ष मूल या साखळीच्या टोकाला उभे असते, असे या मांडणीचे सार. रोझ यांच्या साखळीत आणखी एक प्रौढ जोडता येतो: परीक्षणकर्ता. मराठीतील बालपुस्तकांची परीक्षणे पाहिली तर त्याचे बोलणे ओळखू येते. 'संस्कारक्षम वय', 'रंजनातून बोध', 'बालमनाला भावेल अशी भाषा' आणि सर्वांत शेवटी, जागा उरल्यास, 'चित्रे समर्पक आहेत'. या प्रत्येक वाक्यप्रयोगात परीक्षणकर्ता गैरहजर मुलाच्या वतीने बोलतो. बालमनाला हे भावेल, हे विधान ना मुलाचे आहे ना स्वतःच्या वाचनाचे. ते पडताळता येत नाही आणि म्हणून खोडताही येत नाही.

वैयक्तिक नोंदीचे पहिले सामर्थ्य इथे आहे. ती स्वतःच्या नावावर असल्यामुळे तिला दुसऱ्याच्या वतीने बोलण्याची सोय राहत नाही. बालपुस्तकाविषयी लिहिणाऱ्या प्रौढाला तीनच ठिकाणांहून प्रामाणिकपणे बोलता येते: लहानपणी केलेल्या वाचनाच्या स्मरणातून, आज प्रौढपणी केलेल्या वाचनातून, आणि एखाद्या प्रत्यक्ष मुलाला वाचून दाखवण्याच्या अनुभवातून. ही तीन वाचने भिन्न आहेत, त्यांचे पुरावे भिन्न आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की समीक्षा गढूळ होते.

पहिल्या प्रकारासाठी भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'चे उदाहरण पुरेसे आहे. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला बनेश फेणे, त्याची सायकल आणि त्याचा तो 'ट्टॉक' हा आवाज मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात आहे. परंतु स्मरणात वेग उरतो. वेग कसा साधला, ते उरत नाही. स्मरणावर आधारलेली नोंद म्हणून एवढेच सांगू शकते की त्या वयात हे पुस्तक कुठे मिळाले, कोणासोबत वाचले, किती वेळा वाचले आणि काय शिल्लक राहिले. ही माहिती वाङ्मयीन समाजशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे. ती कलाकृतीचे मूल्यमापन म्हणून पुढे केली, तर मात्र स्मरणरंजनाचे रूपांतर निकषात होते आणि आजच्या मुलाला 'आमच्या वेळचे' पुस्तक लादण्याचा अधिकार प्रौढाला आपोआप मिळतो. भागवतांचाच दुसरा नायक बिपिन बुकलवार याच्या आडनावातच पुस्तक दडले आहे. वाचणारा मुलगाच नायक होणे, ही घटना मराठी बालकथेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आणि ती स्मरणात फास्टर फेणेइतकी ठळक राहिली नाही, हेही तितकेच बोलके आहे.

दुसऱ्या प्रकारासाठी जी. ए. कुलकर्णी यांचे 'बखर बिम्मची' (१९८६) घेता येईल. नियती, एकाकीपण आणि रूपककथेचे वळण यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कथाकाराने एका लहानग्या मुलाविषयी लिहिलेले हे पुस्तक. त्याच्या शीर्षकातील 'बखर' हा शब्द मुलासाठी नाही. बखर हा राजपुरुषांच्या पराक्रमाचा लेखनप्रकार आहे, हे जाणणाऱ्यालाच बिम्मच्या बखरीतली गंमत आणि माया दोन्ही कळतात. म्हणजे पुस्तकाच्या दारावरच एक प्रौढ वाचणारा उभा करून ठेवला आहे. प्रौढाच्या नोंदीने हे मान्य करावे, की येथे जे गवसले ते प्रौढाला गवसले. मूल त्याच पानांवर दुसरे काही वाचत असेल. त्याविषयी या नोंदीला अधिकार नाही. अशी मर्यादा मान्य करणारी पाच वाक्ये 'लहानथोरांना सारखेच आवडेल' या सर्वसमावेशक वाक्यापेक्षा अधिक समीक्षात्मक असतात.

तिसरा प्रकार मोठ्याने वाचून दाखवण्याचा. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारख्या पुस्तकांत मजकूर आणि चित्रे दोन्ही एकाच हातची आहेत. अशा पुस्तकात चित्र हे मजकुराचे भाषांतर नसते. काही गोष्टी केवळ चित्रात घडतात आणि अक्षर न वाचणारे मूल त्या आधी पाहते. वाचून दाखवणारा प्रौढ ओळीवर अडकलेला असतो तेव्हा मूल चित्राच्या कोपऱ्यात पोहोचलेले असते. या वाचनात दोन वाचणारे आहेत आणि त्यांचा वेग वेगळा आहे. त्याची नोंद करायची तर पान उलटण्याची जागा, मूल थांबले ती जागा आणि त्याने विचारलेला प्रश्न यांची नोंद करावी लागते. 'चित्रे समर्पक आहेत' हे वाक्य तेथे लिहिताच येत नाही.

रोजकीर्दीच्या क्रमाचा उपयोग मोठ्या लेखकाच्या आकलनालाही कसा होतो, हे विंदा करंदीकरांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांच्या कवितेच्या खात्यात 'स्वेदगंगा' (१९४९), 'मृद्गंध' (१९५४), 'ध्रुपद' (१९५९) आणि मग 'जातक' (१९६८) असे संग्रह मांडले जातात. 'ध्रुपद' आणि 'जातक' यांमध्ये नऊ वर्षांचे अंतर दिसते. बालकवितेच्या वेगळ्या खात्यात, बहुधा शेवटच्या छोट्या प्रकरणात, 'राणीची बाग', 'एकदा काय झाले', 'सशाचे कान', 'एटू लोकांचा देश', 'परी गं परी' ही नावे येतात. परंतु ही पाचही पुस्तके १९६१ ते १९६५ या काळातली आहेत. तारखेच्या क्रमाने वाचणाऱ्याला ती त्या नऊ वर्षांच्या ऐन मध्यात भेटतात. दोन संग्रहांमधले ते अंतर मुळात अंतरच नव्हते. शब्दाला अर्थाच्या जबाबदारीतून क्षणभर मोकळे करण्याचे, तर्काला उलटे टांगून पाहण्याचे काम कवी त्या काळात मुलांच्या पुस्तकांत करत होता. पुढच्या 'विरूपिका'मधील (१९८१) वक्र आणि खट्याळ विचारपद्धतीचा या पुस्तकांशी काय संबंध आहे, हा प्रश्न खात्यांच्या भिंतीमुळे सहज सुचत नाही. क्रमाने वाचले तर तो टाळता येत नाही. मराठी समीक्षेने बालसाहित्याची परीकथा, साहसकथा, विज्ञानकथा, बालगीत अशी खाती उघडली, वयोगटांचे रकाने आखले. उणीव खात्यांची नाही. त्या खात्यांवर चढवायला मूळ नोंदीच नव्हत्या, ही उणीव आहे.

५

वैयक्तिक नोंदीचे हे समर्थन तिच्या दोषांकडे डोळेझाक करून करता येणार नाही. पहिला दोष आप्तपरभावाचा. लघुनियतकालिकांच्या वर्तुळात वाढलेल्या लेखकाच्या रोजनिशीत त्या वर्तुळातील माणसे आणि पुस्तके वारंवार येणे स्वाभाविक आहे; परंतु त्यामुळे बाहेरून आलेल्या वाचणाऱ्याला, विशेषतः नव्या पिढीच्या विद्यार्थ्याला, दुसऱ्यांच्या बैठकीत उशिरा पोहोचल्यासारखे वाटते. नावे ओळखीची नसतील तर नोंद बंद राहते. दुसरा दोष प्रतिकूल निर्णयाच्या अभावाचा. न आवडलेले पुस्तक रोजनिशीत बहुधा येतच नाही. परीक्षणकर्त्याला ते नाकारावे लागते आणि नाकारण्याची कारणे द्यावी लागतात. नोंदकर्त्याला मौन पुरते. बालसाहित्याच्या बाबतीत हे मौन अधिक हानिकारक आहे, कारण निकृष्ट बालपुस्तकांची बाजारपेठ मोठी आहे आणि तिच्याविषयी कोणीही काही लिहीत नाही. तिसरा दोष लांबीचा. थोडक्यात लिहिणे हे काही वेळा युक्तिवाद टाळण्याचे साधन होते.

यांपैकी पहिले दोन दोष शिस्तीने सावरता येण्याजोगे आहेत. तिसऱ्याबाबत मात्र एक भेद करावा लागतो. परीक्षण संक्षिप्त असेल तर ते अपुरे ठरते, कारण त्याने अंतिम निर्णयाचा दावा केलेला असतो. नोंद तसा दावा करत नाही. ती तारखेला बांधलेली असल्यामुळे पुढच्या तारखेची नोंद तिला खोडू शकते आणि ही खोडण्याची सोय हाच तिचा पद्धतिशास्त्रीय गुण आहे. एकाच पुस्तकाविषयी वीस वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन परस्परविरुद्ध नोंदी शेजारी ठेवल्या, तर एक चूक आणि दुसरी बरोबर असे म्हणण्याची निकड उरत नाही. वाचणारा बदलला, हे त्यातून कळते. वाचककेंद्री समीक्षेने वाचकाच्या अर्थनिर्मितीविषयी पुष्कळ सिद्धान्त मांडले. स्टॅन्ली फिश यांच्या अर्थनिर्णयी समूहांची चर्चा मराठी विद्यापीठांतही झाली. परंतु त्या चर्चेतील वाचक बहुधा कल्पित राहिला, कारण प्रत्यक्ष वाचनांची दप्तरे आपल्यापाशी नव्हती.

नोंदीला समीक्षेचा दर्जा मागायचा, तर तिच्याकडून किमान चार गोष्टींची अपेक्षा धरता येते. वाचन केव्हा झाले. कोणती आवृत्ती हाती होती. वर सांगितलेल्या तीन वाचनांपैकी हे कोणते. आणि वाचताना अडखळ कुठे आली. आवृत्तीचा मुद्दा बालसाहित्यात किरकोळ नाही. सोव्हिएत संघाच्या विघटनापूर्वी, म्हणजे १९९१ पर्यंत, मॉस्कोहून मराठीत छापून आलेली स्वस्त, मोठ्या चित्रांची मुलांची पुस्तके लोकवाङ्मय गृहासारख्या संस्थांमार्फत महाराष्ट्रभर पसरली. अनिल हवालदार यांच्यासारख्या अनुवादकांनी त्यांना मराठी दिली. त्या पुस्तकांचे परीक्षण फारसे कोठे झाले नाही. त्यांचा प्रभाव आज केवळ ती वाचलेल्यांच्या सांगण्यात उरला आहे. त्या वेळी तारखेसह केलेल्या नोंदी असत्या, तर मराठी मुलांच्या चित्रदृष्टीविषयी आज अनुमानापेक्षा अधिक काही बोलता आले असते.

६

२०१० या वर्षात दोन घटना घडल्या. 'वाचणाऱ्याची रोजनिशी' पुस्तकरूपाने आली आणि साहित्य अकादेमीने बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला. पुढे रोजनिशीला अकादेमीचा मुख्य पुरस्कार मिळाला. माधुरी पुरंदरे यांना त्यांच्या एकूण कार्यासाठी २०१४ साली बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला. स्वतंत्र पुरस्काराने बालसाहित्याचा गौरव झाला, यात शंका नाही. त्याच वेळी त्याच्याभोवती एक कुंपणही पक्के झाले. वाचनाच्या नोंदीला वाङ्मय म्हणून मुख्य दालनात जागा मिळाली. मुलांच्या पुस्तकाला मात्र शेजारची खोली देण्यात आली. या दोन घटना एकत्र वाचल्या, तर पुढील कामाची दिशा दिसते. जे रूप मुख्य दालनात पोहोचले आहे, त्याच्याच हाताने शेजारच्या खोलीचे दार उघडता येणे शक्य आहे.

वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३१ साली आपला ग्रंथसंग्रह खोक्यांतून बाहेर काढण्यावर लिहिलेल्या निबंधात, शेवटी हाती येतात ती त्यांच्या आईने लहानपणी चित्रे चिकटवलेली दोन बाडे. बालपुस्तकांच्या आपल्या संग्रहाचे बीज त्यांनी तिथे पाहिले. ही बाडे कोणत्याही ग्रंथसूचीत जाणार नाहीत. ती संग्रहाच्या वर्गवारीत बसत नाहीत आणि तरी संग्रहाची सुरुवात तीच आहेत. बालसाहित्याला समीक्षेच्या परिशिष्टात ठेवणाऱ्या व्यवस्थेने याचा विचार करावयास हवा, कारण प्रत्येक समीक्षकाच्या वाचनाची पहिली नोंद मुलांच्या पुस्तकाचीच असते. ती लिहिली गेलेली नसते, एवढेच.

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात विद्यार्थ्यांकडून निबंध मागितले जातात, प्रकल्प मागितले जातात. वर्षभराची वाचनाची रोजनिशी क्वचितच मागितली जाते. ती मागावी आणि तीत मुलांच्या पुस्तकांना मज्जाव नसावा. कोकणच्या किनारपट्टीवरील महाविद्यालयांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी ते स्वतःच पहिले वाचणारे असतात आणि धाकट्या भावंडांना वाचून दाखवणारेही तेच असतात. त्यांच्यापाशी तिसऱ्या प्रकारच्या वाचनाचा असा अनुभव आहे, जो ग्रंथालयात बसलेल्या समीक्षकापाशी नाही. तो वहीत उतरला, तर बालसाहित्याच्या खतावणीला प्रथमच रोजकीर्द मिळेल.

सतीश काळसेकर यांचे २४ जुलै २०२१ रोजी पेण येथे निधन झाले. रोजनिशीला उपसंहार नसतो; शेवटच्या नोंदीनंतर कोरे पान येते. मराठी समीक्षेत ती वही पुढे कोण चालवणार, हा प्रश्न त्या पानावर आहे. मुलांच्या पुस्तकांपुरता तरी तो केवळ समीक्षकांवर सोडून चालणार नाही.